‘कागदावर छान आहे’: लाल बावटा, मतपेटी आणि गिरणीचं फाटक

बदलीकामगार (धागाकर्ता)

चिंचपोकळीची आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करतोय. परवा पोटमाळ्यावरून बाबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत गिरणीचा पितळी बिल्ला, जुनं रेशनकार्ड आणि रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा. रबर हात लावताच तुटलं. पावत्या युनियनच्या वर्गणीच्या निघाल्या. काही लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनच्या, काही काँग्रेसवाल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या. एकाच माणसाच्या, एकाच वर्षातल्या. आईला विचारलं, हा काय प्रकार? ती भांडी पेपरात गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "एक मनाची, एक पोटाची."

कॉलेजात जाणारा भाचा मदतीला आला होता. त्यानं लाल पावती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "मामा, कम्युनिझम कागदावर छान आहे रे, प्रत्यक्षात चालत नाही."

हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. लोकलमध्ये, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत. नेमकं काय चालत नाही असं विचारलं की उत्तर ठरलेलं: माणूस मुळात स्वार्थी. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण बाबांची लग्नाआधीची खोली. लालबागला गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या, खोलीत राहायचे ते. दहा बाय बारा, अकरा माणसं, तीन पाळ्या. पहिल्या पाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला येऊन त्याच जागी आडवा. भाडं सगळ्यांत सारखं, पण बदलीवाल्याला (कायम कामगार गैरहजर असेल तरच काम मिळणाऱ्याला) महिन्यात चार-सहा दिवसच काम मिळालं तर त्याचा वाटा खोली उचलायची. खानावळवाल्या मावशी उधारी मांडून ठेवायच्या. ‘प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला गरजेप्रमाणे’ हे मार्क्सनं १८७५ मध्ये जर्मन समाजवाद्यांच्या गोथा कार्यक्रमावर टीका करताना लिहिलं. खोलीतल्या कुणाच्या बापानं ते वाचलं नव्हतं, तरी खोली चालली.

मग अकरा माणसांत जे चालतं ते देशात का मोडतं? आणि आपली लोकशाही तरी कागदाबाहेर किती आहे? मतं येऊ द्या. एकमेकांची अक्कल काढायची असेल तर दुसरे धागे आहेत.

तिरकसचहा

आला का वार्षिक धागा! शेंगदाणे घेऊन बसतो.

नेमस्त

धागाकर्ते, खोली छान रंगवलीत, पण खोलीतून कुणाला गावी परत जायचं असेल तर दाराशी बंदूकवाला उभा नव्हता. बर्लिनची भिंत १९६१ मध्ये बांधली ती बाहेरच्यांना अडवायला नव्हे, आतल्यांना पळू न द्यायला. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये लाखो लोक उपाशी मेले आणि सरकार धान्य निर्यात करत होतं. १९३७-३८ या दोन वर्षांत सोव्हिएत कागदपत्रांनुसारच ६ लाख ८० हजारांवर लोकांना गोळ्या घातल्या. चीनमध्ये १९५८ नंतरच्या दुष्काळात मेलेल्यांचा आकडा कोटींत जातो. यापुढे ‘आदर्श चांगला होता’ म्हणणं म्हणजे जेवणातून विषबाधा झालेल्याला आमटीची पाककृती वाचून दाखवणं.

बदलीकामगार

नेमस्त, एकही आकडा नाकारत नाही. पण मेले ते का मेले? स्वार्थी माणसं मुंबईतही आहेत, आणि इथं १९३२ मध्ये तसं घडलं नाही.

नेमस्त

१९४३ मध्ये बंगालात घडलं की. आणि तेव्हा तिथं कम्युनिस्ट नव्हते, इंग्रज होते. म्हणूनच अमर्त्य सेन सांगतात ते मला महत्त्वाचं वाटतं: निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं असलेल्या देशात मोठा दुष्काळबळी होत नाही, कारण सरकारला पडायची भीती असते.

गवतीचहा

सेन अर्धेच सांगू नका. १९८९ मध्ये ज्याँ द्रेझ यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात तेच सेन दाखवतात की तेव्हाच्या भारतात चीनपेक्षा मृत्युदर इतका जास्त होता, की दर आठेक वर्षांत चीनच्या त्या दुष्काळाएवढे जादा मृत्यू आपण गुपचूप पचवत होतो. कुपोषण, हगवण, बाळंतपण. हे पहिल्या पानावर येत नाही, त्यामुळे त्यावरून सरकारही पडत नाही. मेळघाटची बातमी किती दिवस टिकते ते आपण बघतोच.

पाचकोपेक

एरवी मी इथं फक्त पाककृती वाचतो. पण ऐंशीच्या दशकात मॉस्कोच्या पॅट्रिस लुमुंबा विद्यापीठात इंजिनिअरिंग केलंय, म्हणून लिहितो. गिरगावातून थेट उणे वीसमध्ये.

आधी चांगलं. फी शून्य, वर विद्यावेतन. मेट्रोचं तिकीट पाच कोपेक, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदा न्यूमोनिया झाला, तीन आठवडे हॉस्पिटलात होतो, बिल नावाचा कागदच पाहिला नाही. माझ्या रशियन खोलीमित्राचा बाप लेथवर कामाला, आई डॉक्टर, आणि घरात तोरा बापाचा! परळच्या कामगाराला हे सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

आता दुसरं. तिथं प्रत्येकाच्या खिशात जाळीची घडीची पिशवी असायची, ‘अवोस्का’. ‘अवोस’ म्हणजे ‘जमलं तर’. वाटेत काही मिळालंच तर असावी म्हणून. रांग दिसली की लोक आधी उभे राहत आणि मग पुढच्याला विचारत, काय आलंय? आणि ‘बेर्योझ्का’ नावाची दुकानं होती, परकीय चलनाची. तिथं सगळं मिळायचं. मी परदेशी विद्यार्थी, खिशात काकानं पाठवलेले चार डॉलर, मी आत जाऊ शकायचो. आम्हाला गणित शिकवणारे साठीचे प्राध्यापक जाऊ शकायचे नाहीत. एकदा त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं, आवाज खाली करून विचारलं, मुलीला एक कॉफीचा डबा आणशील का? मी आणला. त्यांनी तो कोटाच्या आत घातला आणि पुढचे चार दिवस वर्गात माझ्याकडे बघितलं नाही. वर्ग नष्ट केलेल्या देशात एका गिरगावकर पोराचा वर्ग त्यांच्या वरचा होता.

मतदानही जवळून पाहिलं. कागदावर एकच नाव. पसंत असेल तर काही करायचं नाही, घडी घालून पेटीत टाकायचं. नापसंत असेल तर पडद्यामागे जाऊन नाव खोडायचं. म्हणजे पडद्याकडे पाऊल वळलं की सगळ्या हॉलला कळलं. केंद्रावर संत्री विकायला ठेवत, लोक संत्र्यांसाठी लवकर येत. नव्व्याण्णव टक्के मतदान!

तिरकसचहा

आमच्याकडे संत्री घरपोच येतात. आदल्या रात्री.

नायगाव_बीडीडी

‘कागदावर छान’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच शहराचा कागद काढून बघावा. १९२८ चा सहा महिन्यांचा गिरणी संप लाल बावट्याच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांत आहे. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. पण साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, जिथं पगार बरा, तिथं आमच्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यात (मागावर आडवा धागा नेतो तो) सुताची नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. अस्पृश्याच्या ओठाला लागलेलं सूत सवर्ण कामगार कसं ओढणार? ‘जगातल्या कामगारांनो, एक व्हा’ म्हणणारे हात एका धोट्यावर एक होत नव्हते. मागण्यांच्या यादीत हा विषय यावा म्हणून बाबासाहेबांना संपनेत्यांशी भांडावं लागलं. यादीत तो आला, पण नाखुशीनं.

याचा अर्थ बाबासाहेब कामगारांच्या विरोधात होते असा कुणी काढू नये. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी दोन्ही बाजूंना सुनावलंय. कम्युनिस्टांना घटना नको, कारण त्यांना कामगारवर्गाची हुकूमशाही हवी, हे एक. आणि २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरतोय, राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात, पैशात विषमता, हे दुसरं. लोक पहिलं वाक्य कापून या बाजूला फेकतात, दुसरं कापून त्या बाजूला.

गवतीचहा

+१. (आणि धागा तोंडानं ओढायची गोष्ट धाग्यावरच आली. असो.)

नेमस्त

नायगाव_बीडीडी, प्रतिसाद जपून ठेवलाय.

पाचकोपेक यांच्या संत्र्यांना एक जुना संदर्भ. क्रांतीनंतर लगेच, नोव्हेंबर १९१७ मध्ये, रशियात घटना समितीची खरी निवडणूक झाली होती. बोल्शेविकांना साधारण पाव मतं मिळाली, सर्वांत मोठा पक्ष समाजवादी क्रांतिकारकांचा ठरला, तोही शेतकऱ्यांचाच. जानेवारी १९१८ मध्ये समिती एक दिवस भरली. पहाटे एका नाविकानं अध्यक्षांना सांगितलं, पहारेकरी दमलेत, आता उठा. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. स्टॅलिन बिघडला वगैरे नंतरचं. पहारेकरी दमले ते लेनिनच्या काळात.

सरोजिनी नायडूंचा भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आयुष्यभर इंग्रजांना चुकवत युरोपात फिरला, शेवटी कामगारांचा देश म्हणून रशियात राहिला. १९३७ मध्ये त्याला तिथंच गोळी घातली. इंग्रजांना जे जमलं नाही ते.

लालडबा

मी कम्युनिस्ट पक्षाचा माणूस आहे, लपवत नाही. १९३७ चं समर्थन करणार नाही. आमच्यातल्या काहींनी ते वर्षानुवर्षं केलं, त्याची लाज वाटते. १९७५ च्या आणीबाणीला भाकपनं पाठिंबा दिला, माकपनं विरोध केला. भाकपनं १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात चूक कबूल केली, पण तोवर तुरुंगात जाणारे जाऊन आले होते.

पण आम्ही मतपेटीतून आलो तेव्हा काय झालं तेही लिहा की. १९५७, केरळ. १२६ पैकी ६० जागा आणि काही अपक्ष, ईएमएस नंबुद्रिपाद मुख्यमंत्री. जमीन आणि खाजगी शाळांवरचे कायदे आणले. ३१ जुलै १९५९ ला केंद्रानं सरकार बरखास्त केलं. बहुमत शाबूत होतं! चिलीत १९७० मध्ये समाजवादी आयेंदे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, ११ सप्टेंबर १९७३ ला त्यांच्या वाड्यावर लष्कराच्या विमानांनी बॉम्ब टाकले. लांब कशाला, परळ. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा ५ जून १९७० ला खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या राहिल्या आणि हरल्या. शिवसेनेचा पहिला आमदार त्या निवडणुकीतून आला. लोकशाहीचे नियम पाळायचे ते फक्त आम्हीच का?

नेमस्त

१९५९ चुकीचंच होतं, मान्य. पण फरक बघा. केरळात तुम्ही पडलात आणि पुन्हा उभे राहिलात, १९६७ मध्ये ईएमएस पुन्हा मुख्यमंत्री. १९८० पासून २०१६ पर्यंत तिथली जनता दर वेळी सरकार आलटून-पालटून बसवत राहिली. मॉस्कोत पडलेला परत उभा राहिलेला दाखवा.

पूर्वेलाबदली

बँकेतल्या नोकरीत कोलकात्याजवळ साडेतीन वर्षं होतो, म्हणून डाव्यांचा निवडून आलेला अवतार बघितला. १९७७ ते २०११, चौतीस वर्षं. सुरुवातीचं काम खरं आहे. ऑपरेशन बर्गात चौदा-पंधरा लाख बटाईदारांची नोंद झाली, त्यांना जमिनीवरून उठवणं अवघड झालं. पंचायत निवडणुका १९७८ पासून नेमानं, बाकी देशात ७३ वी घटनादुरुस्ती यायच्या पंधरा वर्षं आधी. माझ्या शाखेत येणारा एक म्हातारा बर्गादार (बटाईदार) नोंदीचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून छातीशी धरायचा, कर्जाच्या फॉर्मवर ठेवायलाही द्यायचा नाही. मी झेरॉक्स काढून आणायला स्वतः त्याच्यासोबत जायचो.

पण त्याच गावात भाड्यानं घर हवं तर पक्षाच्या लोकल कमिटीला विचारा, भावाभावांचा वाद असेल तर लोकल कमिटी, मुलीचं लग्न मोडलं तरी लोकल कमिटी. पोलीस चौकी ओस, पक्षाचं ऑफिस भरलेलं. १४ मार्च २००७ ला नंदीग्राममध्ये जमीन द्यायला नकार देणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, १४ मेले. ज्यांनी जमीन वाटली त्यांच्याच राज्यात.

मात्र २०११ मध्ये हरले, मुख्यमंत्री स्वतःच्या मतदारसंघातही हरले, आणि निमूट घरी गेले. रणगाडे नाहीत, भिंत नाही. नंतरच्यांनी कमिटीची खुर्ची तशीच ठेवून वर दुसरा झेंडा लावला, असं तिथले मित्र म्हणतात.

सोसायटीसेक्रेटरी

गंभीर चर्चेत नाक खुपसतो. सगळ्या राज्यपद्धती आमच्या कांदिवलीच्या सोसायटीच्या एका बिलात नांदतात. सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखं, वन रूम किचन असो की थ्री बीएचके: साम्यवाद. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर: वापराल तेवढं भरा. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या पाव टक्का: ज्याचं घर मोठं त्यानं जास्त भरावं. आणि मत? दोन फ्लॅट जोडले तरी एक सभासद, एक मत. लिफ्टचा खर्च तळमजल्यावाल्यानंही भरायचा, यावर गेली अकरा वर्षं वार्षिक सभेत वाद आहे.

वर सगळे ‘सत्तेवरून हटवता आलं पाहिजे’ म्हणतायत. अहो, मी २०१७ पासून राजीनामा देतोय. कुणी घेत नाही.

खटलेवाला

धागाकर्त्याच्या दोन पावत्यांवर अजून कुणी बोललं नाही, म्हणून मी. कामगार न्यायालयात उभं राहण्यात हयात गेली.

१९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. यात एका भागातल्या एका उद्योगाला एकच प्रातिनिधिक युनियन असायची. पंचवीस टक्के सदस्य दाखवले की मान्यता. मालकाशी करार तीच करायची, कामगाराच्या वतीनं तीच बोलायची. बाकी पंच्याहत्तर टक्क्यांना कोण हवं ते गुप्त मतदानानं विचारायची सोय कायद्यात नव्हती, मोजायच्या त्या वर्गणीच्या पावत्या. कापड गिरण्यांत ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. म्हणून आईंचं ‘एक पोटाची’. ती फाडली नाही तर खात्यातला प्रतिनिधी तुमची रजा, बदलीचं कार्ड, काहीच पुढे सरकू द्यायचा नाही.

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. बोनस-पगार होताच, पण एक मागणी हा कायदाच काढा अशी होती. जगातल्या सर्वांत मोठ्या लोकशाहीत अडीच लाख लोक मागत होते की आमचा प्रतिनिधी आम्हाला निवडू द्या. नाही मिळालं. संप कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही. गिरण्या गेल्या, जमिनी राहिल्या. १९९१ च्या नियमात त्या जमिनीचे तीन वाटे होते, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली की वाटे फक्त रिकाम्या तुकड्याचे करायचे, गिरणीखालच्या जमिनीचे नव्हे. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली. सगळं लोकशाही मार्गानं, शिक्क्यासहित.

लालडबा

खटलेवाला, हे आम्ही चाळीस वर्षं ओरडून सांगतोय.

खटलेवाला

सांगता, खरंय. पण तुमच्या रशियात तरी कारखान्यात दुसरी युनियन काढता यायची का? एकच होती, वर्गणी पगारातून कापायचे. तिथल्या कामगाराकडे मनाची पावतीच नव्हती.

बदलीकामगार

दोन दिवस सामान हलवत होतो, आज सगळं सलग वाचलं. खटलेवाला, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ‘खात्यातला प्रतिनिधी’ आला तिथं तिनं त्या माणसाचं नाव घेतलं, पुढे जे म्हणाली ते इथं उडवलं जाईल.

मघाशी खोलीबद्दल अर्धवट लिहिलं होतं. खोलीला एक कारभारी असायचा. भाडं, रॉकेल, देणीघेणी त्याच्याकडे. दर महिन्याच्या पगारानंतरच्या रविवारी तो वही मोठ्यानं वाचायचा आणि शिमग्याला गावी गेले की कारभारी बदलायचा. एकदा एकानं चौदा रुपये खाल्ले. त्याला खोलीतून काढला नाही, फक्त वही काढून घेतली. तो पुढे सात वर्षं तिथंच राहिला, बाबांच्या शेजारी झोपायचा. १८७१ च्या पॅरिस कम्यूनचं, म्हणजे तिथल्या कामगारांनी शहर हाती घेऊन चालवलेल्या कारभाराचं, मार्क्सला जे आवडलं त्यात हेच होतं: निवडलेला माणूस कधीही परत बोलावता यायचा आणि त्याला पगार कामगाराएवढाच. कम्यून ७२ दिवस चालली. मार्क्सच्या नावानं पुढे जी राज्यं झाली त्यांनी भाडं वाटून घेतलं आणि वही कपाटात घातली. आपण वही दर पाच वर्षांनी वाचतो, पण गिरणीच्या फाटकाच्या आत तिला प्रवेश नव्हता. नेमस्त, ‘स्वार्थी माणूस’ मला म्हणूनच पुरत नाही. चौदा रुपये खाणारा खोलीतही होता.

नेमस्त

अकरा माणसांची वही एका रविवारी वाचून होते. सत्तावीस-अठ्ठावीस कोटींच्या देशाचं धान्य, पोलाद, बुटांचे नंबर एका कचेरीतून ठरवायचे म्हटलं, तर ती वही कारभाऱ्यालाच वाचता येत नाही. ती अडचण सत्तेची नाही, हिशोबाची आहे. पाचकोपेक यांच्या रांगा तिथून येतात. इथं मी अजून असहमत.

पाचकोपेक

बुटांचे नंबर अगदी खरं. एक हिवाळा मी ४४ चे बूट वर्तमानपत्र कोंबून घातले.

बदलीकामगार

हिशोबाचा मुद्दा घेतला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मामाचाभाचा

मामा, धागा सापडला. ‘कागदावर छान’ वर मी अजून ठाम आहे, फक्त एक विचारायचंय. मी शनिवार-रविवार पार्सल पोचवतो हे तुला माहितीय. गेल्या महिन्यात माझा आयडी तीन दिवस बंद पडला. का, कुणी केला, काही नाही. तक्रार टाकली तर ‘आम्ही आपल्या भावना समजू शकतो’ असा आपोआप मेसेज. खटलेवाला काका, तुमच्या त्या कायद्यात निदान पंचवीस टक्के तरी होते. आम्ही एकूण किती जण आहोत हेही आम्हाला माहीत नाही. परवा सिग्नलला सात जणांनी मिळून ग्रुप काढला. अॅडमिन कोण यावरून पहिल्याच दिवशी भांडण.

तिरकसचहा

शिमग्याला बदला.

खटलेवाला

बाळा, मला व्यक्तिगत निरोप कर. त्या मेसेजचे स्क्रीनशॉट पुसू नकोस, तारखांसकट ठेव.

गवतीचहा

धागाकर्ते, पावत्यांचे फोटो टाका ना. टाकून तर देत नाही ना?

बदलीकामगार

लाल पावत्या भाचा घेऊन गेलाय, कशाला ते सांगितलं नाही. संघाच्या पावत्या आईनं पिशवीत भरून स्वतःजवळ ठेवल्यात. म्हाडात गिरणी कामगाराच्या घराचा अर्ज आहे आमचा, पुरावा म्हणून त्याच चालतील असं कुणीतरी तिला सांगितलंय. फोटो रात्री टाकतो, खाली टेम्पोवाला हॉर्न मारतोय.